अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी उत्कृष्ट

२० मे

प्रिय खारू,

आधी पत्र वाच, मग डबा उघड. उलट केलंस तर वासाने चक्कर येईल आणि पत्र तसंच राहील.

डब्यात चूर्ण आहे. आपल्या वसतिगृहातल्या स्वयंपाकाच्या बाई आठवतात ना? सात मुलं असूनही दोनशे मुलींचा स्वयंपाक एकटीने करायच्या त्या. मागच्या महिन्यात त्या भेटायला आल्या तेव्हा पिशवीतून त्यांची पुडी पडली. कसली म्हणून विचारलं, तर लाजून म्हणाल्या, "मुलाबाळांच्या बाबतीतली आहे, बाई. पहिल्या बाळंतपणापासून घेत होते. आता सुनेला देते." सुनेलाही चार आहेत. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी लगेच कृती लिहून घेतली, तीन दिवस वाळवण घातलं, कुटलं, दोनदा चाळलं.

रोज सूर्य उगवताना एक चमचा, कोमट दुधातून, खिडकीकडे तोंड करून. जावईबापूंना अर्धा चमचा. खिडकीचं बाईंनी सांगितलेलं नाही, मी घातलंय. शिस्त नसेल तर औषध लागू पडत नाही. सोबत तक्ता आहे. रोज खूण करायची आणि पंधरा दिवसांनी मला पाठवायचा. फोन करू नकोस. फोनवर तू नुसतं हं हं करतेस. पत्रात हं लिहिता येत नाही.

सहा वर्षं तुम्ही वाट बघताय आणि मी गप्प आहे. तुझी आई गेली तेव्हा पाच वर्षांच्या तुला माझ्या वॉर्डनच्या खोलीत आणलं. तेव्हापासून तुझं काही अडलं आणि मी हात जोडून बसले, असं एकदाही झालेलं नाही. आताही होणार नाही.

तुझी
मावशी

८ जून

मावशी,

वाकून नमस्कार, दुरून. डबा पोचला. पोस्टमनने हात लांब करून दिला आणि सही न घेताच गेला.

आमच्या स्वयंपाकघरात त्यासाठी वेगळी फळी आहे. तुझा डबा सातवा. सासूबाईंचा काढा, मोठ्या जाऊबाईंची मुळी, ऑफिसातल्या टायपिस्टने इंटरनेटवरून मागवलेल्या कॅप्सूल (बाटलीवर उडी मारणारा घोडा आहे, तो का ते विचारलं नाही) आणि शेजारच्या काकूंच्या बिया. त्या बिया चंद्र वाढत असताना पांढऱ्या खायच्या, घटत असताना काळ्या. मधेच ढग आले की कुठल्या, ते काकूंनाही माहीत नाही. बाकीचे दोन डबे कोणी दिले ते आता आठवत नाही. पण फेकवत नाहीत. न जाणो, नेमका तोच असला तर?

डॉक्टरीणबाईंनी, काय काय घेता त्याची यादी मागितली. यादी दोन पानं झाली. त्यांनी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. तुझ्या चूर्णापाशी नुसतं "मावशीचं" असं लिहिलं होतं. त्यात काय आहे ते त्यांना हवंय. सांगशील?

तक्ता भरून पाठवतेय. तुझे जावई बरे आहेत. या आठवड्यात एका बँकेची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती, त्यांनी मॅनेजरना छतातून वर ओढून काढलं. त्या गडबडीतही सकाळचा अर्धा चमचा चुकला नाही.

तुझी
खारू

१७ जून

खारू,

चूर्णात काय आहे ते सांगणार नाही. बाईंना शब्द दिलाय. डॉक्टरीणबाईंना सांग, मावशी आहे त्यात, बाकी काही नाही.

आता तक्त्याबद्दल. तीस वर्षं मुलींच्या वह्या तपासल्या आहेत मी. पंधरा दिवसांच्या पंधरा खुणा एकाच बैठकीत, एकाच पेनाने केलेल्या आहेत. शिवाय सगळ्या रांगेत पट्टी लावल्यासारख्या सरळ. तुझी बरोबरची खूण कायम उताणी पडलेली असते. आणि दोन रविवारीही सूर्योदयाला? रविवारी तू नऊच्या आत उठल्याचं मला तरी आठवत नाही.

जंताच्या औषधाच्या दिवशी दोनशे मुली रांगेत तोंड उघडून उभ्या राहायच्या. एक तू गालात धरून ठेवायचीस आणि मागे जाऊन कुंडीत थुंकायचीस. ते झाड वाळलं. म्हणून तर तुला खारू नाव पडलं. आता कुठे थुंकतेस ते सांग.

मावशी

२ जुलै

मावशी,

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं. तुझं पत्र वाचून मी आधी स्वयंपाकघराचं दार लावलं. रागावू नकोस, आज कोणी रागावलं तरी मला हसूच येईल. का ते विचारू नकोस.

तू कृती देईनास, म्हणून मी तुझं चूर्ण आमच्या प्रयोगशाळेत तपासलं. इतकी वर्षं मी जनावरांचं खाद्य तपासते, एक चमचा मावशीचं तपासायला काय जातंय, असं वाटलं. पण आमच्याकडे अर्जाशिवाय मिठाची चिमूटही तराजूवर चढत नाही. एकदा मोठ्या साहेबांचा जेवणाचा डबा चुकून तराजूशेजारी राहिला, तर त्यालाही नंबर पडला. साहेब दिवसभर उपाशी, आणि चार दिवसांनी अहवाल आला: भात कच्चा.

तर अर्ज भरावा लागला. अर्जात "कोणासाठी" असा रकाना आहे. गाय, म्हैस, शेळी, डुक्कर, कोंबडी, मासा. माणूस नाही. तुझ्या एका चमच्याने गाईचं काय होणार, म्हणून मी कोंबडीवर खूण केली. "उत्पादक" म्हणून तुझं नाव आणि पत्ता घातला, कारण रकाना रिकामा ठेवला की यंत्र सुरूच होत नाही. अहवाल चांगला आला. प्रथिनं अठरा टक्के, तंतू भरपूर, बुरशी नाही, विषारी काही नाही. अळशी आणि मेथी तर मी डोळ्यांनीच ओळखली. नाकाने तर फार आधीच.

काळजी करू नकोस. प्रमाणपत्र निघायच्या आत, दहा तारखेला, मी अर्ज मागे घेणार आहे. आमच्याकडे तेवढा वेळ असतो. आमच्याकडे वेळच असतो.

आज खिडकीतून समोरच्या गॅरेजचा पत्रासुद्धा छान दिसतोय.

खारू

१८ जुलै

कुमारी खारू,

लग्न झालेलं असलं तरी कुमारी, कारण अक्कल अजून शाळेतली आहे.

परवा रजिस्टर पोस्टाने मला प्रमाणपत्र आलं. जाड कागद, उठावाचा शिक्का. "श्रीमती अमुक यांनी उत्पादित केलेले पूरक खाद्य अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी उत्कृष्ट असल्याचे प्रमाणित करण्यात येते. मात्रा: दर शंभर चोचींमागे दोनशे ग्रॅम." मी तीस वर्षं सरकारी नोकरी केली. इतक्या वर्षांत सरकारने मला उत्कृष्ट म्हटलं नाही. शेवटी म्हटलं ते हे असं.

भिंतीवर लावलंय. रागाने लावलंय, गैरसमज नको.

प्रकरण इथेच थांबलं नाही. तुमच्या खात्याने यादी जाहीर केली म्हणे. आज सकाळी दारात एक पोल्ट्रीवाला उभा. मोटारसायकल, हेल्मेट, डोळ्यांत पाणी. दोन हजार कोंबड्या आणि अंड्यांचा पत्ता नाही. मी म्हटलं, अहो, हे माझ्या भाचीसाठी केलंय. तर म्हणतो, "त्यांची किती?" मी दार लावणार होते. पण त्याचा चेहरा बघवेना, म्हणून उरलेलं चार किलो देऊन टाकलं.

तू दहा तारखेला अर्ज मागे घेणार होतीस. का नाही घेतलास? आणि चूर्ण घेतेस ना?

मावशी

२९ जुलै

मावशी,

माझ्याकडून चूक झाली. दहा ते चौदा मी रजेवर होते. सर्दी झाली होती. त्याच दिवसांत साहेबांनी सह्या केल्या.

आता प्रमाणपत्र मिळालेल्या प्रत्येकाकडे निरीक्षक येतात, तसे तुझ्याकडेही येतील. त्यांना सांग की उत्पादन बंद आहे, म्हणजे विषय संपेल. पोल्ट्रीवाल्याला आणखी देऊ नकोस.

तुझ्या जावयांनी प्रमाणपत्राची कार्यालयीन प्रत वाचली. त्यांच्या हिशेबाने दर शंभर चोचींमागे दोनशे ग्रॅम म्हणजे एका चोचीला दोन ग्रॅम, आणि ते रोज त्याहून जास्त घेत होते. त्यांचं वजन तीन किलो वाढलंय. केस दाट झालेत असं ते म्हणतात. मला तसं दिसत नाही.

तक्ता या वेळी राहिला.

खारू

१४ ऑगस्ट

खारू,

विषय संपला नाही. विषयाने संसार मांडलाय.

पोल्ट्रीवाला चौदाव्या दिवशी परत आला, तीस अंडी घेऊन. त्याच्या कोंबड्यांनी ताळतंत्र सोडलंय. एकीने दोन बलकांचं घातलं. एक तर त्याच्या हेल्मेटवर बसली आणि उठेना, म्हणून तो माझ्याकडे टॉवेल गुंडाळून आला. त्याला शंभर किलो हवंय. त्याच्यामागे आणखी दोघे उभे होते, एक बदकवाला.

मग निरीक्षक आल्या. चांगली चाळिशीची बाई, हातात फाईल. मी "बसा" म्हणायच्या आत तिने दोन्ही हात पुढे करून नखं दाखवली. आपल्या वसतिगृहातली मुलगी निघाली, खोली नंबर नऊ. उत्पादन बंद आहे असं मी म्हणणारच होते, पण तिने "बाई, तुमच्या हातचं आहे म्हणजे चांगलंच असणार" असं म्हणून सही केली. मग मला मेलीला नाही म्हणवेना. वसतिगृहाची जुनी धुण्याची खोली मागून घेतली आहे. कुटायचं यंत्र आणलंय. स्वयंपाकाच्या बाई चाळायला येतात. त्यांना अजून सांगितलेलं नाही की कोंबड्यांसाठी आहे, त्यांना वाटतं गिऱ्हाईकं बायकाच आहेत.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण एक हिशेब मला लागत नाही. कोंबड्यांना चौदा दिवसांत गुण आला, तुला अडीच महिने झाले. आणि दुसरं, तू सर्दीला रजा घेतलीस? चौथीत गोवर आला होता तेव्हा तू खिडकीतून उडी मारून शाळेत गेली होतीस. तुझं शेवटचं पत्र अर्धं पान होतं. त्यात "आमच्याकडे वेळच असतो" यासारखं एकही वाक्य नव्हतं. पाच किलोचा ताजा डबा पाठवतेय. या वेळी कुटताना दुप्पट मेथी घातली आहे. पण खरं काय ते लिही.

मावशी

३० ऑगस्ट

मावशी,

डबा परत पाठवतेय. उघडलेला नाही.

खरं लिहिते. तुझं चूर्ण मी एक दिवसही घेतलं नाही. दवाखान्यातले उपचार चालू होते, आणि यादी वाचल्यावर डॉक्टरीणबाईंनी सगळे सात डबे बंद करायला सांगितले होते. तक्त्यावरच्या खुणा तुझ्या जावयांनी केल्या. तुला वाईट वाटेल म्हणून. रोज सकाळी खिडकीकडे तोंड करून तेच उभे राहायचे आणि माझा चमचाही तेच घ्यायचे.

तो शेवटचा प्रयत्न होता. तिसरा. याच्यानंतर नाही, असं आम्ही दोघांनी आधीच ठरवलं होतं. एक जुलैला कळलं की राहिलंय. दोन तारखेला मी तुला ते पत्र लिहिलं. तीन महिने झाल्यावर तुला सांगणार होते, तोंडावर, तुझा चेहरा बघत. दहा तारखेला मी अर्ज मागे घ्यायला निघाले होते. लिफ्टमध्ये नाही, रस्त्यात नाही, ऑफिसच्या दारात माझ्या लक्षात आलं. दुपारपर्यंत सगळं संपलं. नऊ दिवस होतं.

डॉक्टरीणबाईंनी फाईल बंद केली. आम्हीही केली.

तुला इतके दिवस का सांगितलं नाही, तेही लिहिते. मला भीती वाटली की तू आणखी एक डबा पाठवशील. आणि तू पाठवलासच. मावशी, मी रडले की तू चमचा पुढे करतेस. पाच वर्षांची होते तेव्हाही, आई गेली त्या रात्री, तू मला गुळवेलीचा काढा पाजला होतास. भीक नको पण कुत्रा आवर, असं मला सगळ्यांना सांगावंसं वाटतं, पण सगळ्यांचं सोड. मला तुझा राग आलाय. आणि तुझ्याशिवाय हे कोणाला सांगावं असंही वाटत नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी आहेत आणि मी काही करू शकत नाही.

आता मला काही पाजू नकोस.

खारू

७ सप्टेंबर

खारू,

चार पत्रं लिहून फाडली. हे पाचवं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी धुण्याच्या खोलीत होते. वाचून झाल्यावर यंत्र बंद केलं. स्वयंपाकाच्या बाईंनी का म्हणून विचारलं. मी म्हटलं, हे चूर्ण माझ्या भाचीसाठी होतं, तिला मूल व्हावं म्हणून. बाई चाळणी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "व्हावं म्हणून? अहो बाई, हे होऊ नये म्हणून असतं."

पहिलं मूल झाल्यावर पुरे म्हणून त्यांनी घ्यायला सुरुवात केली. त्यानंतर सहा झाली. सून दुसऱ्यापासून घेतेय. मी म्हटलं, मग गुण येत नाही हे सात मुलांत कळलं नाही? त्या म्हणाल्या, "नाहीतर दहा झाली असती."

तेवढ्यात पोल्ट्रीवाला आला, पेढा द्यावा तसं बोलत. त्याला विचारलं, बाबा रे, चूर्णाखेरीज दुसरं काही बदललं होतंस का? तर म्हणतो, शेडमध्ये नवीन दिवे लावले, रोज सोळा तास उजेड ठेवतो, कोंबड्यांच्या डॉक्टरने सांगितलं होतं. मग हे आधी का नाही सांगितलंस? "तुम्ही विचारलंच नाही, बाई."

एकाच दिवसात दोघांकडून तेच कळलं, मी नीट विचारलंच नव्हतं. प्रमाणपत्र भिंतीवरून काढलंय. निरीक्षक मुलीला लिहून कळवलंय की उत्पादन बंद. ती बिचारी पुन्हा येईल, नखं दाखवेल.

मी विचारत नाही, हे खरं आहे. दोनशे मुलींना विचारत बसले असते तर एकीनेही औषध घेतलं नसतं. पण तू दोनशेतली नव्हतीस. तुझी आई गेली त्या रात्री तुला काय विचारावं ते मला सुचेना. मी तीस वर्षांची होते, तिची धाकटी बहीण, मलाच कोणीतरी काही विचारायला हवं होतं. हाताशी काढा होता, तो पाजला. नंतर तीच सवय लागली. मला बोलता येत नाही म्हणून मी पाजते. माझं चुकलं, खारू. तेव्हाही आणि आताही. डबा पाठवल्याचं तर फारच चुकलं.

जावईबापूंना सांग, घेतलेलं बाधणार नाही. आणि त्यांना सांग, मावशी म्हणाली की असा माणूस शोधून सापडत नाही. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणणार नाही, म्हणून तू सांग.

आता मी दोन गोष्टी विचारते. दोन्हींना नाही म्हटलंस तरी चालेल. मी येऊ का? रिकाम्या हाताने येईन, पिशवी झडती घेऊन आत घे.

आणि ते नऊ दिवस. तू सगळ्यांपासून लपवलेस, म्हणून त्यांच्याबद्दल तुला कोणीच काही विचारलं नाही. मी विचारते. कसे होते ते?

तुझी
मावशी

१२ सप्टेंबर

प्रिय मावशी,

रविवारी ये. स्टेशनवर हे येतील. काही आणू नकोस, पिशवीही आणू नकोस.

बाईंच्या दहा मुलांवर मी हसले. दोन महिन्यांनी हसले. हे आतल्या खोलीतून बघायला आले, मग तेही हसले. तीन किलो व्यर्थ गेले म्हणाले.

नऊ दिवस कसे होते, ते मी यांनाही सांगितलेलं नाही. तुला सांगते.

आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर गचका देते, आम्ही आलो तेव्हापासून. हे गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करतात, पण ही दुसऱ्या कंपनीची, म्हणून हात लावायचा नाही असा यांचा नियम. एक तारखेला दवाखान्यातून येताना लिफ्टमध्ये मी एकटीच होते. दुसरा मजला गेल्यावर पोटावर हात ठेवला आणि म्हटलं, आता एक गचका बसेल हं, घाबरायचं नाही, आपलं घर असंच आहे. मोठ्याने म्हटलं. मग रोज जाता-येता म्हणायला लागले. त्याच्याशी एवढंच बोलले, दुसरं काही बोलायला धीर झाला नाही.

पाचव्या दिवशी मी हात ठेवला, सांगितलं, आणि गचका बसलाच नाही. सहाव्या दिवशीही नाही. यांच्या बाहीला काळं ग्रीस होतं. त्यांनी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

लिफ्ट अजून तशीच चालते, अगदी अलगद. शेजारच्या काकू म्हणतात, चाललीय की थांबलीय तेच कळत नाही. दुसरा मजला गेला की माझा हात आपोआप पोटावर जातो. तिसरा येतो आणि जातो, काहीच होत नाही.

तू माझ्याबरोबर एकदा वर चल.

खारू